दर जुलैला

दर जुलैला झोम्बाकडून पांढरी बस येते,
मागे धुळीचा पडदा.
एकाच रंगाचे शर्ट, बावीस माणसं,
पाठीवर बायबलातलं वचन आणि त्याखाली वर्ष.
दोन आठवडे राहतात.
मी त्यांचा दुभाष्या.
जेवण त्यांच्याबरोबर, झोप माझ्या घरी.

इकडचं तिकडे नेताना
थोडं वाटेत सांडतं.
थोडं मी सांडतो.

पहिल्या साली म्हातारी एनिफा म्हणाली,
"फोड आले की रे ह्यांच्या हातांना!
विटा रचायला आमचा फायसन आहे,
तो बसलाय झाडाखाली, बघत."
मी सांगितलं : ती म्हणते, देव तुमचं भलं करो.
त्यांचे डोळे भरून आले.
अगदीच खोटं नव्हतं ते.
एनिफा म्हणाली असतीच, नंतर कधीतरी.

चर्चची भिंत आतापर्यंत पाचदा रंगवून झाली.
कोपऱ्यात नखाने खरवडलं
की निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली
कुणाचा तरी हाताचा ठसा.
पाद्री सावलोसी म्हणतात,
पाहुण्याच्या हाताला काम द्यावं,
रिकामा पाहुणा घाबरतो.

आणि तियामिके, नऊ वर्षांची.
बसचा आवाज आला
की चपला काढून दाराआड ठेवते.
का गं? विचारलं, तर म्हणाली,
"पायात चपला असल्या
की ते दुसरीला उचलून घेतात."
हे वाक्य चार वर्षं माझ्या तोंडात आहे.
गिळवत नाही, आणि
ते ज्या भाषेत सांगायचं
त्या भाषेचे मला पैसे मिळतात.

गेल्या साली मार्लीस आली.
बासष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा,
जन्मभर शाळेची बस चालवलेली.
तिसऱ्या दिवशी तिने ब्रश खाली ठेवला
आणि एनिफाशेजारी भुईमूग सोलत बसली.
दोघी गप्प. टरफलांचा ढीग तेवढा वाढत होता.
संध्याकाळी मला म्हणाली,
"हिला विचार, आम्ही काय चुकतोय.
आणि ती बोलेल ते तसंच दे मला.
साखर नको घालूस."

मी विचारलं.
एनिफाने तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं,
इतक्या वर्षांचा हिशेब एकदम मागावा तसं.
मग म्हणाली,
"जुलैत आमच्या कणग्या भरलेल्या असतात.
जुलैत आम्ही पोटभर जेवतो, तुम्हालाही जेवू घालतो,
आणि तुम्ही आमच्याकडे बघून रडता.
यायचं तर जानेवारीत ये,
कणगीत झाडू फिरतो तेव्हा.
आणू नकोस काही. नुसती बस, अशी.
भिंत फायसनला रंगवू दे,
त्याला मजुरी दे, बायकोसमोर दे."
थांबली. आणखी एक शेंग फोडली.
"आणि येऊच नका असं नाही म्हणत मी.
तुमची गाणी ऐकून हसायला मिळतं."

सगळं दिलं मी, शब्दाला शब्द.
तोंडाला कोरड पडली.
मार्लीस रडली नाही.
त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

त्या रात्री त्यांच्या तरुण पुढाऱ्याने
लांबलचक प्रार्थना केली.
तिच्यात 'गैरसमज' हा शब्द दोनदा आला.
ती प्रार्थना मला कुणी भाषांतराला दिली नाही.

आता जानेवारी.
कणगीत झाडू फिरून झाला.
रताळ्याच्या पानांवर दिवस निघतोय.
मार्लीसचं पत्र आलंय, फायसनच्या नावाने थोडे पैसेही :
गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर सोडत नाहीत,
पुढच्या साली बघते.
आणि खाली, वेगळ्या शाईत :
जुलैचे शर्ट छापून आलेत,
मी नको म्हटलं होतं.

एनिफा दर रविवारी मला विचारते,
"ती लंगडी निघाली का रे?"
रस्ता लांबचा आहे, मी म्हणतो.

एवढं अजून
मी सांडतो.